चौथी ओळ

आई निजवताना चार ओळींचं गाणं म्हणायची. तीन ओळी ठरलेल्या, चौथीत त्या दिवशीचा माझा पराक्रम. शेवटच्या आजारपणात मी ते रेकॉर्ड केलं, तर तिसऱ्या ओळीनंतर ती थांबून हसली. "आधी काहीतरी पराक्रम कर!"

ती गेली. त्या तीन ओळी मी आमचं ऑफिस बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधल्या सगळ्यांत अवघड मोहिमेचं बक्षीस म्हणून ठेवल्या.

"राक्षस मारून गाणं? तलवार दे गं बाई!" गेम खेळून तपासणारा टेस्टर करवादला.

साहेब म्हणाले, "याला आवडलं नाही, तर गाणं काढायचं."

टेस्टर आठ वेळा मेला. आठव्यांदा त्याच्या सदऱ्यावर चहा सांडला. नवव्यांदा राक्षस कोसळला, अख्खं ऑफिस टाळ्या पिटत उभं राहिलं.

बक्षिसाची पेटी उघडली. आईचा आवाज आला. एक ओळ, दुसरी, तिसरी.

मग तिने श्वास घेतला.

"आठदा पडला, नवव्यांदा भिडला, चहानं भिजला सदरा माझ्या राजाचा गं..."

टेस्टरने डोळे पुसले. "गाणं राहू दे. पण ही ओळ तू टाकलीस कधी?"

मी उत्तर देण्याआधीच पेटीतून आईने पुन्हा श्वास घेतला.

आज पराक्रम माझाही होता.