उल्काचे केस

दुसऱ्या किमोनंतर उल्काचे केस येलहंकातल्या त्यांच्या फ्लॅटभर पडू लागले, तेव्हा वेदांतने वायरवाला उभा व्हॅक्युम क्लीनर मागवला. नवरा स्वतः घर झाडतोय हे बघून तिला भरून आलं. त्याने तो पलंगाखाली, सोफ्यावर, अगदी तिच्या उशीवरही फिरवून बघितला.

"वायर स्वल्प आखूड आहे, पण केस मस्त ओढतो," म्हणत त्याने केसांनी गच्च भरलेल्या पारदर्शक डब्याचा फोटो काढला.

"मग ठेवूया ना. मला आता वाकून झाडवत नाही," उल्का म्हणाली.

"ठेवायचा कशाला? परत करायला दहा दिवस आहेत," डबा कचऱ्यात उपडा करत वेदांत म्हणाला, "तोवर तुझे केस संपतीलच."