फ्रिजमधलं उकळतं दूध

ऋताने गॅसवरचं उकळतं दूध पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवलेलं पाहून सुवर्णाताईंचा जीव खालीवर झाला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? बिल केवढं येईल!" असं म्हणत त्यांनी पातेलं बाहेर काढलं आणि जन्मभर करत आल्या तसं ओट्यावर निवत ठेवलं. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कालच पुण्यात आल्या होत्या. नळाला गरम पाणी येतं पण गीझर कुठेच नाही, असं घर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग बाथरूममध्ये पाय पसरून, नातीला पायांवर घेऊन त्यांनी नळ सोडला. पाणी जेमतेम कोमट होतं. पोरीने अंग चोरून भोकाड पसरलं.

"आई, दूध बाहेर काढलंस का?" ऋताने आतून विचारलं. "अगं, हा फ्रिज आतली ऊब ओढून अंघोळीच्या टाकीला देतो. फ्रिजचं बिल थोडं वाढतं, पण गीझरचं सगळं वाचतं."

सुवर्णाताईंनी नातीला ऋताकडे दिलं आणि अजून वाफाळणारं पातेलं परत फ्रिजमध्ये ठेवलं. जरा वेळाने नळाखाली कोपर धरून पाहिलं. पाणी कसं छान ऊन आलं होतं. अंघोळ घालता घालता नात पायांवरच पेंगली.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर जावयाने उरलेली आमटी उकळली आणि ओट्यावरच झाकून ठेवली. सुवर्णाताई मागून कडाडल्या, "अहो जावईबापू, पोरीची उद्याची अंघोळ ओट्यावर काय निवत ठेवलीत!"