डोळ्यांचा कौल

विश्राम गुरवानं अंधाऱ्या गाभाऱ्यात पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या नि गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, सुगंधाच्या घोवाचं श्वासाचं यंत्र काढायचं असेल तर उजवी पाकळी पाड, नसेल तर डावी."

"उजवीच पडली!" सुगंधानं हुंदका दिला आणि लगेच नवऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

विश्रामला तर डावी पडलेली दिसत होती. दोघांचेही डोळे कृत्रिम. अंधारात ते मनातलंच दाखवतात, अशी कुजबुज त्यानं ऐकली होती.

"थांब वयनी!" डोळे घट्ट मिटून त्यानं पाषाण चाचपला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. देव अजून बोललाच नव्हता.

हे डोळे बसवल्यापासून दिलेला एकेक कौल विश्रामला आठवू लागला. डोळे उघडायचा त्याला धीर होईना.