भिंतीतली हजेरी

शाळेच्या पंचाहत्तरीसाठी आठवीच्या मुलींनी जुन्या वर्गाच्या भिंतीला ध्वनिवाचक लावला. चुन्यात मुरलेले आवाज तो सोडवून ऐकवायचा. चाळीस वर्षांपूर्वीची हजेरी सुरू झाली.

"हिरा गावित."

"हजर, बाई."

मुख्याध्यापिका हिराबाई चपापल्या. हा आवाज त्यांचा नव्हता. त्या वर्षी लावणीचा अख्खा महिना त्या शेतात होत्या, तरी शाळेतून नाव कमी झालं नव्हतं. बाईंनीच सांभाळून घेतलं, असं त्या आजवर समजत होत्या.

त्या तडक स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या. त्यांची वर्गमैत्रीण शेवंता मुलांसाठी खिचडी ढवळत होती.

"शेवंते, माझी हजेरी तू द्यायचीस?"

"मग कोण देणार?" शेवंताने पळी पुढे केली. "मीठ बघ बरं."