पंख मोडेना

"अकरा पट!" पोती मोजणारा बोनो ओरडला आणि वाळूचं शेवटचं पोतं धप्पकन पंखावर पडलं. पंख करकरला, टोकाशी वाकला, पण मोडला नाही.

कारखान्यात एकच जल्लोष झाला. सुतारांनी टोप्या उडवल्या, पंखांचं कापड शिवणाऱ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेल्या दोन माणसांच्या छोट्या विमानाचा, चाचणीपुरता केलेला तो जादा पंख. हवेचा रेटा खालून येतो म्हणून लाकडी तिवयांवर उलटा ठेवलेला, वर पोत्यांचा डोंगर. सरळ उडताना जेवढा भार येतो त्याच्या नऊ पट पेलायचा आणि दहाच्या आत मोडायचा, असा ग्रांदिएचा हिशोब होता. विमानाचा आराखडा त्याचाच.

ते शेवटचं पोतं सिल्वेननं स्वतः चढवलं होतं. गुरुवारी विमान तीच उडवणार होती, आणि तिची अटच होती तशी. "पंख माझ्या डोळ्यांसमोर मोडून दाखवा. मगच चढेन." पोरीचं काय चुकलं? सात महिन्यांपूर्वी याच विमानाचा पहिला नमुना घेऊन तिचा भाऊ बास्तियाँ उडाला. मागच्या सीटवर माणसाच्या वजनाची वाळू बांधलेली. मैदान संपतं तिथे, कालव्याकाठच्या पॉपलरच्या झाडांत तो कोसळला. पंखाचे दोन तुकडे सापडले. पंख आधी मोडला, मग विमान पडलं, असंच सगळे धरून चालले. दफनाच्या वेळी सिल्वेन अख्ख्या गावासमोर ग्रांदिएच्या तोंडावर थुंकली होती. तो बिचारा रुमालानं तोंड पुसून तिथेच उभा राहिला. त्यालाही वाटत होतं की आपलेच आकडे चुकले.

तिचा बाप ओनोरे हा कारखान्याचा मुख्य सुतार. म्हातारा आज पंखाशी उभा राहून डोळे पुसत होता. "बघितलंस ना, पोरी? आता तुला काही होत नाही."

एकटा ग्रांदिए हसत नव्हता.

"मोडत का नाही हा?"

"साहेब, मजबूत झालाय म्हणून!" बोनो म्हणाला. "बाटल्या उघडा की आता!"

"मोडायलाच हवा होता, गाढवा!"

ग्रांदिएनं भिंतीवरची कुऱ्हाड ओढून काढली. बाजूला व्हा म्हणाला आणि घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला पंख बंदुकीच्या बारासारखा आवाज करत फुटला. पोती उधळली, एक बोनोच्या पायावर आलं, तो आईबहिणीवरून शिव्या देत लोळायला लागला. एका ढलपीनं ग्रांदिएचा गाल कानापर्यंत फाडला. त्यानं रक्ताला हातसुद्धा लावला नाही. वाळूत गुडघे टेकून त्यानं पंखाच्या मोडक्या तुळईला मोजपट्टी लावली.

"सहा मिलिमीटर जास्त."

तो उठला आणि त्यानं ओनोरेची गचांडी धरून त्याला धाडकन बाकावर आपटलं. "म्हातारचळ लागलाय का तुला? माझ्या मापावर लाकूड चढवलंस?"

"चढवलं!" म्हातारा काही ऐकून घेणारा नव्हता. "एक लेकरू तुझ्या मापांनी गिळलं. दुसरं नाही देणार!"

त्यानं ग्रांदिएच्या तोंडावर ठोसा हाणला. ग्रांदिएनंही उलट हाणला. दोघं वाळूत लोळायला लागले. तीस वर्षं एका टेबलावर जेवलेली माणसं, पण त्या घटकेला एकमेकांचा जीव घ्यायला निघाली होती. बापाच्या तोंडातून रक्त आलेलं पाहिलं आणि सिल्वेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं लाकडी मोगरी उचलून ग्रांदिएच्या खांद्यावर घातली. दुसरा तडाखा मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"खुन्या! भावाला खाल्लंस, आता बापालाही मारतोस?"

चौघांनी मिळून तिला धरलं. ग्रांदिए मनगट छातीशी घेऊन खाली बसून राहिला. बोलला तेव्हा त्याचा सगळा राग ओसरला होता.

"सहा मिलिमीटर म्हणजे पंचवीस किलो, ओनोरे. साठ अश्वशक्तीचं इंजिन आहे आपलं. दहा-पंधरा किलो जास्त झाले तरी हे विमान पॉपलर ओलांडत नाही. पंख कितीही दणकट असू दे, झाडांवर जाऊन आदळतं."

सिल्वेनची धडपड थांबली.

"बास्तियाँ वर का चढला नाही, हे मी सात महिने शोधतोय. कागदावर वजन बरोबर होतं. पण वजनकाट्यावरचा आकडा तू वाचून दाखवला होतास. आणि पंखाचे तुकडे कुणाला बघूसुद्धा न देता जाळलेस. मला वाटलं, बापाचं काळीज आहे." ग्रांदिएनं मान वर केली. "त्याच्या पंखात किती चढवलं होतंस?"

म्हाताऱ्यानं ग्रांदिएकडे पाहिलंच नाही. तो पोरीकडे बघत होता.

"चार," तो म्हणाला. "मला वाटलं, तेवढे कमी पडले."