दगडावरची ओळ

पाथरवटाने बायकोच्या कबरीच्या दगडावर तिचं नाव कोरलं आणि खाली एक ओळ आखली. दगडावर कोरायला म्हणून तिने लिहून ठेवलेला कागद वाचून त्याचा थोरला भाऊ भडकला. “‘येशू देवाचा पुत्र आहे’? अरे, तू हे कधी मानलंस?” “आजही मानत नाही.” “मग कोरतोस कशाला? ‘प्रेमळ आई’ लिही आणि मोकळा हो.” पाथरवटाने छिन्नीची धार अंगठ्याने तपासली. “तीस वर्षं आम्ही याच वाक्यावरून भांडलो, दादा. देवाला कसला आलाय मुलगा, म्हणून मी तिला भंडावून सोडायचो. ती तसूभर मागे हटली नाही. शेवटी श्वास पुरेना, तरी माझा हात धरून तिने हेच ऐकवलं.” “म्हणजे तू हरलास.” “हरतोय कसला? भांडण अजून मिटलेलं नाही.” त्याने हातोडा उचलला. “पण आता तिला बोलता येत नाही. तिची बाजू मलाच मांडावी लागणार.”