मूठ

कड्यावरच्या अरुंद वाटेवर समोरून जीप आली की मागे आपल्या सोबतीच्या किती गाड्या आहेत, तेवढी बोटं दाखवायची. कोणीच नसेल तर मूठ. युटाच्या दऱ्यांत आम्ही सगळे असंच करतो. मी एकटीच निघाले होते. सकाळपासून तीनदा मूठ दाखवली, तरी तिन्ही जीपवाले मला पुढे सोडून माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघत थांबून राहिले.

चौथी गाडी पेट्रोल पंपवाल्या ट्वायलाकाकूंची. त्या चढ चढत होत्या, म्हणजे मागे मलाच सरकायचं होतं. पश्चिमेला ढग दाटले होते. पावसाआधी उतरले नाही, तर खालचा ओढा मला इथेच अडकवणार होता.

मी चिडून मूठ दाखवली.

"मूठ काय दाखवतेस, पोरी? आधी मागच्याला सरकायला सांग!"

"काकू, मागे कोणी नाहीये! किती वेळा सांगू?"

"मग माझे डोळे फुटलेत का? अगदी चिकटून उभा आहे तो."

मी तिन्ही आरसे पाहिले. लाल मातीची वाट वळणापर्यंत रिकामी होती.

वैतागून मी रिव्हर्स टाकला. गाडी वीतभर मागे गेली आणि कशाला तरी अलगद टेकली.